माझ्याकडे तर बिल्ड होतोय!

(वाचकांच्या सॉफ्टवेअरविषयक प्रश्नांना दर महिन्याला उत्तरं. लेखिका ठाण्यात नौपाड्याला राहतात आणि गेली बावीस वर्षं बिल्ड इंजिनिअर म्हणून काम करतात. बिल्ड म्हणजे लिहिलेल्या कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर तयार करणं.)

प्रश्न : आमची महापेला छोटी कंपनी आहे. सोसायट्यांच्या मेंटेनन्स बिलांचं सॉफ्टवेअर करतो, टॉमकॅटवर चालतं. चाळीसेक लायब्रऱ्या (पुन्हा पुन्हा वापरायचे तयार कोडचे गठ्ठे) आमच्या स्वतःच्या, शिवाय बाहेरच्या शंभरेक. आजवर बिल्ड एका जुन्या शेल स्क्रिप्टवर भागला. आता साहेबांनी मला ‘आपलं स्वतःचं टूल लिही’ म्हणून सांगितलंय. बाकीचं जमेल, पण एका ठिकाणी अडलोय. दोन लायब्रऱ्यांनी तिसऱ्या एकाच लायब्ररीची वेगवेगळी व्हर्जन्स मागितली तर कुठलं द्यायचं? माझं म्हणणं, सरळ मोठं द्यावं. मित्र म्हणतो, इतकं सोपं असतं तर लोकांनी त्यावर पेपर लिहिले नसते. मॅडम, कोण बरोबर? — एक वाचक, घणसोली

उत्तर : मित्र बरोबर आहे, पण तुम्हीही फार लांब नाही.

आधी थोडा आगाऊपणा करते. टूल स्वतःचंच कशाला, हे साहेबांना एकदा विचारून बघा. मेव्हन आणि ग्रेडल ही जावाची तयार बिल्ड टूल्स, दोन्ही फुकट आहेत. घरचं टूल महिन्याभरात उभं राहतं आणि मग ज्याने ते लिहिलं त्याला सहा वर्षं रजा मिळत नाही, हे मी दोन ठिकाणी पाहिलंय. साहेब ऐकणार नसतील तर पुढचं वाचा.

समजा, वर तुमचं ॲप. त्याला ‘बिलिंग’ लागते आणि ‘रिपोर्ट’ लागते. या दोघींनाही ‘तारीख’ नावाची लायब्ररी लागते, बिलिंगला १.४, रिपोर्टला १.६. कागदावर रेघा मारल्या की पतंग तयार होतो. आमच्या धंद्यात त्याला डायमंड म्हणतात. मला तो पतंगच दिसतो, कारण कापणारा मांजाही त्यातच असतो.

आता ‘कुठलं द्यायचं’ याच्या आधी ‘दोन्ही देता येतात का’ हे विचारायला हवं. नोडमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टमध्ये, देता येतात. तिथे प्रत्येक पॅकेजच्या पोटात त्याचं स्वतःचं नोड मॉड्यूल्स फोल्डर असू शकतं, त्यामुळे बिलिंग आपलं १.४ घेऊन बसते आणि रिपोर्ट आपलं १.६. भांडण नाही, फक्त डिस्क भरते. २०१५ साली एनपीएम ३ ने (एनपीएम म्हणजे नोडचा पॅकेज मॅनेजर, लायब्रऱ्या उतरवून देणारं टूल) ही फोल्डरांची उतरंड जमेल तितकी सपाट करायला घेतली, तरी जिथे जमत नाही तिथे दुसरी प्रत राहतेच. रस्ट भाषेच्या कार्गो या टूलने मधला रस्ता काढलाय. १.४ आणि १.६ एकमेकांशी जुळणारी मानून ते एकच देतं, पण १ आणि २ असा पहिलाच आकडा वेगळा असला तर दोघांना शेजारी शेजारी नांदू देतं. मात्र १ मधली तारीख २ च्या फंक्शनच्या हातात दिलीत तर कंपायलर अडवतो. त्याच्या लेखी ते दोन वेगळे टाइप आहेत, नाव एक असलं म्हणून काय झालं.

तुमचं टॉमकॅट, म्हणजे जावा. एका ॲपच्या साध्या क्लासपाथवर, म्हणजे जावा जिथे कोड शोधते त्या यादीत, एकाच नावाचा क्लास दोन जारमध्ये (जार म्हणजे जावा लायब्ररीची बांधलेली फाइल) असला तर जो आधी सापडेल तो लागतो. दोन्ही जार टाकून दिल्या तर बरेचसे क्लास १.४ मधले आणि जे फक्त १.६ मध्ये आहेत ते तिथले, अशी खिचडी होते, आणि ती सगळ्यांच्या मशीनवर सारखी शिजेलच असं नाही. म्हणून तुम्हाला एकच निवडायचंय.

मेव्हन निवडतो तो अंतरावरून. झाडात जे ॲपच्या जवळ, ते जिंकतं. आकड्याकडे तो बघतही नाही. समजा, रिपोर्टला तारीख थेट लागत नाही, रिपोर्टला ‘पीडीएफ’ लागते आणि पीडीएफला तारीख १.६ लागते. मग बिलिंगचं १.४ एका पायरीने जवळ पडलं आणि सगळ्यांच्या ताटात १.४ आलं. पीडीएफ १.६ मधली मेथड शोधत बसते. कंपाइल करताना काही कळत नाही, कारण पीडीएफ आधीच कंपाइल होऊन आलेली असते. कळतं ते चालवताना, ‘नो सच मेथड एरर’ येऊन, आणि बहुतेक वेळा ग्राहकासमोर. बरं, अंतर सारखं असेल तर? तर पॉम फाइलमध्ये, म्हणजे लागणाऱ्या लायब्रऱ्यांच्या (डिपेंडन्सीजच्या) मेव्हनच्या यादीत, जिचं नाव आधी लिहिलंय तिचं चालतं.

हे शेवटचं वाक्य मी पाठ केलं ते रबाळ्याच्या एका कंपनीत. आमच्या टीममध्ये एक अतिशय टापटीप मुलगा होता. एका शुक्रवारी त्याने पॉममधल्या सगळ्या डिपेंडन्सीज अकारविल्हे लावल्या आणि कमिटवर लिहिलं, ‘फक्त साफसफाई’. कोडची एकही ओळ बदललेली नव्हती. सोमवारी बिलं छापली जाईनात. आम्ही दोन दिवस छपाईच्या कोडमध्ये खणत बसलो, कारण ‘डिपेंडन्सी कुठे बदललीये, फक्त क्रम तर बदललाय’. मंगळवारी रात्री ठाण्याच्या गाडीत खिडकी मिळाली, तेव्हा शुक्रवारच्या आधीचं डिपेंडन्सीचं झाड आणि नंतरचं झाड लॅपटॉपवर शेजारी शेजारी लावलं. ठाणे यायच्या आत सापडलं. अकारविल्ह्यात ‘बी’ वर गेलेली, ‘आर’ खाली. तो मुलगा आजही भेटला की आधी कान पकडतो. चूक त्याची नव्हतीच. ज्या टूलमध्ये ओळींची अदलाबदल केल्यावर उत्तर बदलतं, त्याने तसं कुठेतरी ओरडून सांगायला हवं.

मेव्हनच्या बाजूनेही एक गोष्ट आहे. ॲपच्या मालकाने स्वतःच्या पॉममध्ये तारीख १.६ असं थेट लिहिलं की विषय संपतो. सगळ्यांत जवळ तोच. शेवटचा शब्द घरच्या माणसाचा, ही कल्पना चांगली आहे. ती घ्या. अंतर मोजायची मात्र घेऊ नका.

ग्रेडल तुमच्याच मताचा आहे. मागितलेल्यांपैकी मोठं. पण ‘मोठं द्यावं’ यात दोन भोकं आहेत. एक, १.४ आणि २.० असा झगडा असेल तर २.० देऊन बिलिंगचं भलं होईल याची काहीच खात्री नाही. सिमॅंटिक व्हर्जनिंगच्या नियमाप्रमाणे पहिला आकडा बदलला म्हणजे लेखक स्वतःच कबूल करतोय की जुनं काहीतरी मोडलंय. तो एवढं ओरडून सांगत असताना आपण गुपचूप मोठं उचलायचं नाही. तिथे बिल्ड थांबवा, दोघांची नावं छापा आणि माणसाला विचारा.

दुसरं भोक जास्त वाईट. मोठं, पण कुठून आणलेलं मोठं? फेब्रुवारी २०२१ मध्ये ॲलेक्स बिरसान या सुरक्षा संशोधकाने एक साधी गोष्ट जगजाहीर केली. कंपन्यांच्या आतल्या पॅकेजांची नावं त्याला इकडेतिकडे उघड्यावर सापडली. त्याच नावांची निरुपद्रवी पॅकेजं त्याने एनपीएम, पायपीआय आणि रुबीजेम्सच्या सार्वजनिक भांडारांत टाकली आणि व्हर्जनचा आकडा भलामोठा ठेवला. बड्या बड्या कंपन्यांच्या बिल्ड मशीननी आतलं पॅकेज सोडून त्याचं घेतलं, कारण मोठं! तुमच्या चाळीस लायब्रऱ्यांची नावं कुठली हे टूलला आधी ठाऊक हवं आणि त्या नावांसाठी त्याने बाहेरचं दार वाजवायचंच नाही. आत सापडली नाही तर बिल्ड फुटू दे.

आता मित्र म्हणतो त्या पेपरांकडे येते. ‘१.४ किंवा त्यावरचं’ एवढंच लिहायची मुभा असेल तर गणित पोरखेळ आहे. ‘पण २ च्या खालचंच’, ‘१.५.३ सोडून’ अशा अटी लिहू दिल्या आणि प्रत एकच ठेवायची असली, की ते कोडं एनपी-कम्प्लीट होतं. साध्या भाषेत, हमखास लवकर सुटेल असा रस्ता कुणाला सापडलेला नाही. वीस लायब्रऱ्या, प्रत्येकीची दहा व्हर्जन्स, म्हणजे एकावर वीस शून्यं इतक्या जोड्या. रोजच्या वापरात त्यातल्या बहुतेक झटकन बाद होतात म्हणून आपण जगतो. पायथॉनच्या पिप या पॅकेज मॅनेजरने कित्येक वर्षं हा त्रास घेतलाच नाही. जी अट आधी दिसेल ती धरायची आणि पुढे निघायचं. नोव्हेंबर २०२० च्या २०.३ मध्ये पिपला मागे फिरून दुसरी वाट शोधणारा खरा रिझॉल्व्हर आला. मग लोकांना दिसायला लागलं की पिप एकाच पॅकेजची एकामागून एक जुनी व्हर्जन्स उतरवत बसलाय. लोक चिडले. पण अटी बघायला पॅकेज उघडून बघावं लागत असेल तर तो बिचारा दुसरं काय करणार?

या सगळ्या प्रकारात मला मनापासून आवडलेलं काम म्हणजे पबग्रब. नॅटली वायझेनबॉम यांनी ते डार्ट भाषेच्या पॅकेज मॅनेजरसाठी केलं आणि २०१८ मध्ये मांडलं. त्याची खुबी वेगात आहेच, पण त्याहून जास्त बोलण्यात आहे. उत्तर नसेल तर ‘जमत नाही’ म्हणून ते हात वर करत नाही. बिलिंगला तारीख २ च्या खालची हवी, पीडीएफला २ च्या वरची, रिपोर्टच्या प्रत्येक व्हर्जनला पीडीएफ हवी, म्हणून बिलिंग आणि रिपोर्ट एकत्र नांदू शकत नाहीत, अशी साखळी ते मांडून दाखवतं. पायथॉनमधलं पोएट्री आणि अलीकडचं यूव्ही, दोघांनीही हीच रीत उचललीय.

तरीही तुम्हाला मी पबग्रब लिहायला सांगणार नाही. तुमच्यासाठी गो भाषेचा रस्ता. रस कॉक्स यांनी २०१८ मध्ये तो मांडला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गो १.११ मध्ये तो प्रायोगिक म्हणून आला. प्रत्येक लायब्ररीने फक्त ‘निदान इतकं’ असं सांगायचं. वरची मर्यादा लिहायला जागाच नाही. सगळ्यांच्या ‘निदान’मधलं जे मोठं ते घ्यायचं, बस. आमच्या पतंगात १.६. बाजारात १.९ आलंय की नाही याकडे टूल ढुंकूनही बघत नाही. शोध नाही, मागे फिरणं नाही, आणि आजचं उत्तर सहा महिन्यांनी तेच. मोडणारा बदल करायचा असेल तर नावच बदलायचं. गोमध्ये इम्पोर्टच्या पत्त्यातच पुढे व्ही २ येतं. तुम्ही जावात पॅकेजचं नाव तसं ठेवू शकता, मग दोन्ही एकत्र नांदतात. लोक म्हणतात, अशाने बग फिक्स आपोआप येत नाहीत. खरंय, येत नाहीत. आपोआप काही येऊ नये म्हणूनच माझा पगार चालतो.

लक्षात आलं असेल, ग्रेडलमध्ये नेमके आकडे लिहिलेत, ‘१ पॉइंट काहीही’ छापाचं अधिक चिन्ह कुठे वापरलं नाहीत, तर ग्रेडल आणि गो जवळजवळ एकाच गावाला पोचतात. म्हणजे तुमचं ‘मोठं द्यावं’ बरोबरच होतं. ‘मागितलेल्यांतलं मोठं’ एवढा एक शब्द वाढवा, ‘जगात असलेल्यांतलं मोठं’ नको.

आणि पहिल्याच दिवशी टूलमध्ये ‘का’ नावाची कमांड घाला. का तारीख, म्हटलं की कुणी मागितली, कितीची मागितली, कुणाची चालली. हे नंतर जोडता येत नाही, कारण निवड करताना कारण जपून ठेवलेलं नसतं. राहता राहिलं, त्या चाळीस तुमच्याच लायब्रऱ्या आहेत तर त्यांना व्हर्जन लागतंच कशाला? एका रिपॉझिटरीत ठेवा, सगळ्या एकदम बिल्ड करा. निम्मं पत्र इथेच निकालात निघेल.

प्रश्न : ताई, मी ऐरोलीला राहतो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये पायथॉनची स्क्रिप्ट लिहिली, दिलेल्या यादीतून सर्वांत नवं व्हर्जन काढायची. ती १.९ ला १.१० पेक्षा मोठं म्हणते. सरांना दाखवलं तर ते म्हणाले, बरोबरच आहे, १.९० मोठं की १.१०? — एक विद्यार्थी

उत्तर : सरांना माझा नमस्कार सांग, पण व्हर्जन म्हणजे दशांश अपूर्णांक नव्हे. त्यातलं टिंब हे पोस्टाच्या पत्त्यातल्या स्वल्पविरामासारखं आहे. बिल्डिंग १, फ्लॅट ९ आणि बिल्डिंग १, फ्लॅट १०. दहावा फ्लॅट नवव्याच्या पुढेच येणार. तुझी स्क्रिप्ट दोन्ही नावं स्ट्रिंग म्हणून ताडून बघतेय, आणि अक्षर म्हणून ‘९’ हे ‘१’ च्या नंतर येतं. टिंबावर तोड, प्रत्येक तुकडा पूर्णांक कर, मग ताड. त्याहून बरं म्हणजे पायथॉनचं ‘पॅकेजिंग’ नावाचं मॉड्यूल वापर, कारण पुढे आणखी खड्डे आहेत.

जसं, १.०-आरसी१ मोठं की नुसतं १.०? लांबी बघून फसू नकोस, आरसी म्हणजे रिलीज कँडिडेट, तो साखरपुडा, आणि १.० म्हणजे लग्न. पायथॉनच्या जगात क्रम असा लागतो: डेव्ह, अल्फा, बीटा, आरसी, मग खरं व्हर्जन, त्यानंतर पोस्ट. मेव्हनमध्ये आरसी आणि खऱ्या व्हर्जनच्या मध्ये स्नॅपशॉट, म्हणजे अजून काम चालू असलेली प्रत, बसतो. दोन गावांचे दोन रिवाज, त्यामुळे एकाचं गणित दुसऱ्याकडे नेऊ नये. शून्याने सुरू होणाऱ्या व्हर्जनचं तर आणखी वेगळं. एनपीएममध्ये १.२.३ च्या आधी कॅरेटची (^) खूण लावली तर २ च्या खालचं काहीही चालतं, पण ०.२.३ ला तीच खूण लावली तर ०.३ च्या खालचंच. घर अजून बांधून व्हायचंय, भिंती हलतील, असं त्या शून्याचं म्हणणं आहे.

आता तुला एक खरी गंमत सांगते. ‘कॉमन्स आयओ’ ही जावातली फार जुनी आणि चांगली लायब्ररी आहे. मेव्हनच्या मध्यवर्ती भांडारात तिच्या व्हर्जनांच्या यादीत एक आकडा असा आहे: २००३०२०३.०००५५०. सुरुवातीच्या काळात कुणीतरी व्हर्जनऐवजी तारीख टाकली, ३ फेब्रुवारी २००३. नंतर शहाणपण येऊन १.०, २.० असे आकडे सुरू झाले, पण टाकलेलं काढायचं नाही असा त्या भांडाराचा दंडक. आता यंत्राच्या डोळ्यांनी बघ. २.११ मोठं की दोन कोटींच्या घरातला आकडा?

बेलापूरच्या एका ऑफिसात मी पाहुणी म्हणून गेले होते. त्यांचा बिल्ड ‘काल चालत होता’. पॉममध्ये एका उत्साही माणसाने आदल्या संध्याकाळी कॉमन्स आयओसाठी लिहिलं होतं, २.० किंवा त्यावरचं काहीही, म्हणजे कायम नवं मिळेल. मिळालं २००३ सालचं. मी डिपेंडन्सीचं झाड छापलं, आकड्यावर बोट ठेवलं. पाच मिनिटं शांतता. मग त्यांच्यातलीच एक मुलगी म्हणाली, ‘त्या फेब्रुवारीत मी तिसरीत होते.’

यातून सुटायची युक्ती पायथॉनवाल्यांनी आणि डेबियनवाल्यांनी करून ठेवलीय: आकड्याच्या आधी युगाचा क्रमांक. तारखेची पद्धत सोडून साधी पद्धत घेतली की युग १ चालू, आणि युग ० मधला कितीही मोठा आकडा त्याच्या खालीच. तुझ्या स्क्रिप्टमध्ये ती सोय घाल. सरांना दाखवशील तेव्हा तारखेची गोष्ट आधी सांग.

प्रश्न : आमच्या टीममध्ये भांडण लागलंय. एनपीएमची लॉक फाइल गिटमध्ये टाकायची की नाही? हजारो ओळींची फाइल, प्रत्येक मर्जला कॉन्फ्लिक्ट, रिव्ह्यू करणारा वैतागतो. आमचे लीड म्हणतात, पॅकेज फाइलमध्ये व्हर्जन लिहिलीत की, पुन्हा हे लोढणं कशाला? — एक वाचक, नेरूळ

उत्तर : टाकायची. लीडना सांगा, पॅकेज फाइल म्हणजे वाण्याची यादी आणि लॉक फाइल म्हणजे वाण्याचं बिल. यादीत ‘तांदूळ, कुठलाही चांगला’ असतं. बिलात कोलम, पाच किलो, अमुक भाव. महिन्याने पोट बिघडलं तर यादी बघून काय कळणार?

एनपीएमवाल्यांना हे उशिरा पटलं. यार्न हा एनपीएमला पर्याय असलेला पॅकेज मॅनेजर, तो ऑक्टोबर २०१६ मध्ये लॉक फाइल घेऊनच आला. एनपीएमची स्वतःची, सध्याच्या रूपातली लॉक फाइल मे २०१७ मध्ये पाचव्या व्हर्जनपासून. बिल्ड सर्व्हरवर ‘एनपीएम इन्स्टॉल’ चालवू नका, ‘एनपीएम सीआय’ चालवा. पहिली कमांड लॉक फाइल बदलू शकते. दुसरी यादी आणि बिल जुळलं नाही तर थांबते. ‘माझ्याकडे तर बिल्ड होतोय’ हे वाक्य आमच्या मजल्यावर या एका बदलाने निम्म्यावर आलं. कॉन्फ्लिक्ट हाताने सोडवत बसू नका. पॅकेज फाइलमधला तेवढा सोडवा आणि एनपीएम इन्स्टॉल चालवा, लॉक फाइल ते स्वतः नीट करून देतं.

रिव्ह्यूचं म्हणाल, तर हजार ओळी कुणी वाचत नाही, मीही नाही. मी एवढंच बघते की नवं नाव कुठलं आलं आणि पॅकेज कुठल्या पत्त्यावरून येतंय तो पत्ता बदललाय का.

तुम्ही लायब्ररी लिहीत असाल तर गोष्ट जराशी वेगळी. तुमची लॉक फाइल तुमच्या ग्राहकापर्यंत जातच नाही, तो त्याची स्वतःची बनवतो. म्हणजे तुम्ही एका संचावर टेस्ट करता आणि तो दुसऱ्याच संचावर चालवतो. कार्गोवाले बरीच वर्षं लायब्ररीच्या लेखकांना लॉक फाइल टाकू नका म्हणत होते, २०२३ मध्ये त्यांनी ते ‘तुमचं तुम्ही ठरवा’वर आणलं. मी टाकते, आणि आठवड्यातून एकदा लॉक काढून ताज्या संचावर टेस्ट चालवते.

लॉक फाइल आली म्हणजे सुटलो असं मात्र समजू नका. २२ मार्च २०१६ ला एका लेखकाने रागावून आपली पॅकेजं एनपीएमवरून काढून घेतली. त्यात लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज होतं. स्ट्रिंगच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा भरायच्या, बाकी काही नाही. बॅबेलसारख्या मोठ्या प्रकल्पांच्या झाडात ते खोल कुठेतरी लटकलेलं होतं, आणि जगभरचे बिल्ड फुटले. तेव्हा लॉक असतं तरी काय उपयोग? बिलावर कोलम लिहिलंय, पण दुकानात कोलम नाही. त्यासाठी दुकान घराजवळ लागतं. नेक्सस, आर्टिफॅक्टरी, छोट्या टीमला वर्डाचो, यातलं काहीतरी मध्ये बसवा म्हणजे एकदा उतरवलेलं तुमच्याकडे राहतं. एनपीएमने त्या प्रसंगानंतर पॅकेज काढून घेण्यावर बंधनं आणली. रस्टवाल्यांची रीत मला जास्त सभ्य वाटते: व्हर्जन ‘यँक’ केलं की नव्याने कुणाला मिळत नाही, पण ज्याच्या लॉकमध्ये ते आधीच आहे त्याचा बिल्ड चालू राहतो.

प्रश्न : बँकेच्या प्रोजेक्टवर आहे. सिक्युरिटीवाल्यांनी स्कॅन करून एका लायब्ररीवर लाल शेरा मारलाय. ती आम्ही मागितलेलीच नाही, तीन पायऱ्या खालून येते. मधल्या लायब्ररीच्या लेखकाला ईमेल केला, उत्तर नाही. मुदत शुक्रवार. — एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर : लेखकाची वाट बघू नका. मेव्हनमध्ये ‘डिपेंडन्सी मॅनेजमेंट’च्या भागात त्या लायब्ररीचं सुधारलेलं व्हर्जन लिहा, कितीही खोलातून येत असली तरी तेच लागेल. ग्रेडलमध्ये ‘कन्स्ट्रेंट्स’, एनपीएममध्ये ‘ओव्हरराइड्स’, यार्नमध्ये ‘रिझोल्यूशन्स’. शेजारी टिप्पणी लिहून ठेवा, का लिहिलं आणि कधी काढायचं. नाहीतर चार वर्षांनी हीच ओळ सगळ्यांना जुन्या व्हर्जनला बांधून ठेवेल आणि कुणाला हात लावायचं धाडस होणार नाही.

मग झाडावर विसंबून हिरवा शेरा मागू नका. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजेचं (नोंदी लिहिणाऱ्या जावा लायब्ररीतल्या सुरक्षेच्या भगदाडाचं) प्रकरण झालं तेव्हा मी एका क्लायंटच्या साठेक मॉड्यूलवर बसले होते. आधी २.१५.० आलं, ते पुरेसं नाही म्हणून २.१६.०, मग २.१७.०, आणि महिना संपता संपता २.१७.१. गडकरी रंगायतनची दोन तिकिटं काढलेली होती, ती शेजारणीला दिली. प्रत्येक मॉड्यूलचं झाड छापून तपासलं, सगळीकडे नवा आकडा. तरी स्कॅनर एका मॉड्यूलवर लालच. झाडात लॉगफोरजे नव्हतंच. एका विकत घेतलेल्या जारने ते आपल्या पोटात घालून शिवून टाकलं होतं. अशा जारला शेडेड म्हणतात, आणि आत काय आहे ते डिपेंडन्सीच्या झाडाला कळत नाही. शेवटी जार झिपसारखी उघडून ‘जेएनडीआय लुकअप’ नावाचा, भगदाडाच्या मुळाशी असलेला क्लास शोधला. होता.

तर शुक्रवारच्या आत व्हर्जन बदला, आणि जी वॉर फाइल सर्व्हरवर जाणार तीच उघडून, आतल्या जारसकट, दोषी क्लासचं नाव शोधा. दोन ठिकाणी सापडला तर दचकू नका. एक तुमचं आहे, दुसरं विक्रेत्याचं. त्याला ईमेल नको, फोन करा.